मानेतील धमन्यांची आकारविकृती आणि पक्षाघात

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत जन्मतः किंवा वयोमानाने आलेला नागमोडीपणा, वेटोळे, तीव्र मोड, आतून वाढलेला पडदा किंवा भिंतीत पडलेली चीर यांना मिळून आकारविकृती म्हणतात. यांतल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. काही मात्र थेट पक्षाघात घडवतात, म्हणजे कोल्हापूरकडच्या बोलीत ‘अंगावरनं वारं जातं’. तपासणीच्या अहवालात ‘धमनी वाकडी आहे’ एवढे वाचून घाबरण्यापेक्षा वाकडेपणा कोणत्या जातीचा आहे हे विचारणे महत्त्वाचे.

मेंदूला चार धमन्या रक्त पुरवतात : समोरून दोन कॅरोटिड आणि मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. साधारण कंठमण्याच्या पातळीवर कॅरोटिडला दोन फाटे फुटतात. बाह्य फाटा चेहरा व टाळूला रक्त देतो, तर आंतर फाटा मेंदू व डोळ्याला. फाट्याजवळचा किंचित फुगीर भाग म्हणजे बल्ब. चरबीचे थर साठण्याची ही नेहमीची जागा, आणि पुढे वर्णिलेला पडदाही इथेच आढळतो.

वायबेल आणि फील्ड्स यांनी 1965 मध्ये आंतर कॅरोटिडच्या वाकडेपणाची नागमोडी, वेटोळे आणि मोड अशी विभागणी केली व ती आजही वापरली जाते. गर्भावस्थेत हृदय मानेजवळ असते. ते छातीत उतरताना धमनी ताणली जाऊन सरळ होते. हे सरळ होणे अपुरे राहिले की वेटोळे उरते, म्हणून ते लहान मुलांतही दिसते. मोडाची गोष्ट वेगळी आहे. वय आणि उच्च रक्तदाब यांमुळे भिंतीतला लवचीक थर झिजतो, धमनी लांबते, आणि दोन्ही टोके जागच्या जागी असल्याने मध्येच मुरडते. उसाला पाणी पाजताना रबरी पाइप नुसता वळला तर पाणी चालू राहते, पण मोडला की जोर जातो, धमनीचेही तसेच. मान फिरवताच भोवळ येणे, डोळ्यापुढे अंधारी येणे किंवा एका बाजूचा हात क्षणभर लुळा पडणे, अशा तक्रारी तीव्र मोडात होऊ शकतात. लक्षणे नसलेला मोड मात्र बहुधा तसाच राहू दिला जातो.

सर्वांत फसवी विकृती म्हणजे कॅरोटिड वेब. बल्बच्या मागच्या भिंतीतून आतल्या अस्तराचा पातळ पडदा फळीसारखा पुढे आलेला असतो. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया या भिंतीच्या विकाराचाच हा एक प्रकार मानला जातो. पडद्यामुळे धमनी फारशी अरुंद होत नाही, त्यामुळे डॉपलरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याच्या तपासणीत, तो सहज निसटतो आणि अहवाल ‘विशेष अडथळा नाही’ असा येतो. पण पडद्याच्या वरच्या बाजूस रक्त घुटमळते, तिथे गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. सीटी अँजिओग्राफीच्या (धमन्यांच्या सीटी स्कॅनच्या) उभ्या छेदात तो भिंतीतून निघालेल्या बारीक काट्यासारखा दिसतो, आडव्या छेदात पोकळीला दुभागणाऱ्या रेषेसारखा. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांपैकी काहीही नसलेल्या तरुण माणसाला पक्षाघात झाला, तर हा पडदा मुद्दाम शोधायला हवा. नुसत्या ॲस्पिरिनवर असलेल्या रुग्णांत झटका पुन्हा येण्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून अनेक तज्ज्ञ स्टेंट (धमनीत बसवायची जाळीदार नळी) किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात.

चीर, म्हणजे डिसेक्शन, हेही तरुणांतील पक्षाघाताचे मोठे कारण. अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरते. मानेला बसलेला हिसका, अपघात किंवा जोरात पिळलेली मान यांमुळे ती पडू शकते. कधी काहीच निमित्त सापडत नाही. खासबाग मैदान आणि तालमींच्या कोल्हापुरात हे ठाऊक असणे गरजेचे आहे. कसलेल्या पैलवानाची मान मजबूत असते, तरी डाव सुटताना किंवा फसताना मानेला अचानक पीळ बसू शकतो. दाढी-मालिश झाल्यावर मान ‘कडकन्’ मोडून घेण्याची सवय तर सोडलेलीच बरी. नव्याने सुरू झालेली एका बाजूची मानदुखी किंवा डोकेदुखी, त्याच बाजूची पापणी उतरणे आणि बाहुली बारीक होणे, ही धोक्याची खूण आहे. पक्षाघात त्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनीही येऊ शकतो. उपचार बहुधा गुठळीरोधक औषधांनी होतो आणि बऱ्याच चिरा काही महिन्यांत भरून येतात.

सर्व पक्षाघातांचे मूळ मानेत नसते, हेही लक्षात ठेवावे. आशियाई रुग्णांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून अँजिओग्राफी मानेसह डोक्याची करतात.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर 108 ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठी गुठळी नळीवाटे काढण्याची मुदत निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत जाते. शाहूवाडी, गगनबावडा, आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवरून शहरात येण्यातच बराच वेळ मोडतो. त्यात आधी तेल चोळणे आणि ‘वाऱ्याचं’ गावठी औषध आणणे झाले, की इंजेक्शनची वेळ टळून जाते. दहा मिनिटांत आपोआप बरा झालेला झटकाही त्याच दिवशी दाखवावा, कारण मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

शस्त्रक्रियेचा सर्वांत भक्कम आधार आकाराला नाही, अरुंदपणाला आहे. 1991 च्या उत्तर अमेरिकी चाचणीत लक्षणे असलेल्या आणि 70 ते 99 टक्के अरुंद झालेल्या कॅरोटिडवर शस्त्रक्रिया केल्यावर त्या बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतील धोका 26 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. मोडासाठी धमनीचा जादा भाग कापून ती सरळ जोडता येते, पण तो निर्णय लक्षणे आणि रक्तप्रवाह पाहूनच घ्यावा लागतो. बाकीच्यांसाठी रक्तदाबाची गोळी रोज घेणे, ताटातला खर्डा-लोणचे-पापड कमी करणे आणि मिश्री, तंबाखू बंद करणे हाच उपचार.

आंतर कॅरोटिड कधीकधी घशाच्या मागच्या भिंतीला अगदी लागून जाते. तोंड उघडल्यावर तिथे ठोके दिसतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत अशी धमनी दुखावली तर रक्तस्राव जिवावर बेततो. म्हणून असा ठोका दिसला असेल, किंवा जुन्या स्कॅनमध्ये त्याची नोंद असेल, तर रुग्णाने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ते आधीच सांगावे.