चकचकीत पितळेलाच चरे जास्त का पडतात?

मित्राचा मुलगा छत्रपती संभाजीनगरात रायफल नेमबाजी शिकतो. त्याची रायफल हवेची, म्हणजे काडतुसाचा प्रश्नच नाही. पण व्हिडिओ पाहून पाहून काडतुसांबद्दल तो आता मलाच शिकवतो. परवा त्याने दाखवलं, परदेशातला एक हौशी नेमबाज काडतुसाची पितळेची कोरी पुंगळी, म्हणजे बाहेरचं कवच, डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मापात आणतो, आणि बाहेर काढतो तर अंगावर उभे चरे. "बघा काका, नवा माल! पितळेत भेसळच असणार." हेच वाक्य मी वाळूजच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ऐकलं होतं, तिथे पितळी पत्रा डायमधून ओढून टोप्या बनवतात. चरा दिसला की दोष पितळेचा. बिचारं पितळ! (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा शस्त्र कायदा 1959 नुसार गुन्हा आहे. हा लेख पितळेचा आहे, दारूगोळ्याचा नाही.)

पुंगळीच्या पितळेत 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. हे मिश्रण ओढायला, ताणायला फार गुणी. तापवून मऊ केलेल्या या पितळेचा कठीणपणा विकर्स मापात 60-70 च्या घरात असतो, ठोकून-ओढून तो दीडशेच्या वर जातो. डायचं पोलाद 700 च्या आसपास. पण कठीण वस्तू आरशासारखी गुळगुळीत असेल तर तिने चरा का पाडावा? स्टीलच्या वाटीवरून लोण्याचा गोळा घसरवला तर लोण्यावर रेघा उठत नाहीत.

चरा पाडणारे दोन. एक कचरा: वाळूचा कण, धातूचा कीस. तो पुसला की काम झालं. दुसरा गुन्हेगार मात्र खुद्द पितळच आहे, आणि मला खरं त्याच्याबद्दलच सांगायचंय.

पाण्याने भरलेला एक किलोचा पितळी तांब्या पोलादी पत्र्यावर ठेवा. त्याचं बूड तळहाताएवढं दिसतं, पण पृष्ठभाग कितीही घासला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांचाच, आणि टेकतात ती फक्त शिखरं. भार पेलला जाईपर्यंत ती चेपत राहतात. विकर्सचा आकडा म्हणजे ढोबळमानाने एका चौरस मिलिमीटरने पेललेले किलो. पितळ 100 चं धरलं तर एका किलोला जागा लागली फक्त 0.01 चौरस मिलिमीटर. अख्खा तांब्या जेमतेम टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर उभा! भार दुप्पट केला की ही खरी जागा दुप्पट होते, बुडाच्या आकाराचा संबंधच येत नाही. घर्षण भारावर ठरतं, टेकणाऱ्या बुडाच्या आकारावर नाही, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँने 1699 मध्ये मांडला. त्यामागचं हे कारण विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी उलगडलं.

आता त्या चेपलेल्या शिखरांवर धातूला धातू उघडा भिडला, तर दोन्हींचे अणू एकमेकांना परके मानत नाहीत. सांधा जुळतो. पुंगळी पुढे सरकली की तो तुटायला हवा, पण कुठे? सांध्याजवळचं पितळ चेपून घट्ट झालेलं असतं. त्यामुळे सांध्याची रेषा टिकते आणि त्याच्या जरा आतलं मऊ पितळ फाटतं. पोलादावर पितळेचा कण राहतो, आणि तो कण मूळ पितळेपेक्षा कठीण असतो. पुढच्या पुंगळीत तो नांगराच्या फाळासारखा रुततो, तिचं पितळ ओढून स्वतः वाढतो. पाचवी-सहावी पुंगळी येईपर्यंत चर तयार. डाय फडक्याने पुसूनही चरे तसेच राहिले, तर कण चिकटलाय असं समजा. लोखंडी टोच्याने खरवडू नका, नाहीतर डायलाच कायमचा चरा. बारीक पॉलिश पेस्टने हळूहळू उतरवा.

मग नव्या, स्वच्छ पुंगळीलाच जास्त त्रास का? कारण ती स्वच्छ आहे. वापरलेल्या पुंगळीच्या मानेत (तोंडाजवळच्या अरुंद भागात) आतून काजळी बसलेली असते, आणि काजळी म्हणजे फुकटचं कोरडं वंगण. मान आतून मापात आणायला डायमध्ये एक पोलादी गोळा असतो; धुऊन लख्ख केलेल्या मानेतून तो ओढला की ती किंचाळते. तिथे थोडं ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड लागते.

बाहेरून मात्र वंगण हवं, आणि कुठलंही तेल चालत नाही. इतक्या दाबाखाली पातळ तेल पळून जातं. उरतात ते धातूला धरून ठेवणारे रेणू. स्टिअरिक आम्लाचा (चरबीत सापडणाऱ्या एका आम्लाचा) रेणू जेमतेम अडीच नॅनोमीटर लांब. त्याचं डोकं धातूला चिकटतं, शेपूट वर. रब्बीच्या ज्वारीचं शेत डोळ्यांसमोर आणा: ताटं दाटीवाटीने उभी, आणि दोन शेतं समोरासमोर आली तर कणसांना कणसं घासतील, मुळं जागची हलणार नाहीत. परदेशातले हौशी नेमबाज मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन वापरतात, तेही असंच धरून राहतं. वाळूजच्या त्या प्रेस शॉपवाल्या मित्राने करडईचं तेल लावून पाहिलं, चरे खरंच कमी झाले. पण करडईचं तेल हवेत सुकून चिकट राळ होतं, आठवड्याने डाय साफ करताना त्याचा जीव गेला. जास्त थापूनही उपयोग नाही. तेल दबत नाही, पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगे पडतात.

त्याच शॉपमध्ये प्रेसला लिंबू-मिरची टांगलेली आहे, "डाय पकडू नये म्हणून". खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करा, ती कृतज्ञता आहे. पण उघड्या डायशेजारी रांगोळी घातली तर ती दगडाची पूड उडून आत जाणार, आणि पहिल्या प्रकारचे चरे पदरात पडणार. लिंबाचा रस पितळेवर टपकला तर आणखी वाईट: वरचा ऑक्साइडचा थर निघून धातू उघडा पडतो, म्हणजे चिकटायला मोकळं रान.

काम झाल्यावर वंगण काढायला कोमट साबणपाणी पुरे. अमोनियाचं पॉलिश नको. इंग्रजी फौजेच्या काळात भारतात पावसाळ्यात पागेजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप भेगा जायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळेत अडकून राहिलेला ताण, असं ते त्रिकूट होतं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी त्याचा उलगडा केला. तोवर तिथेही खापर पितळेवरच फुटत होतं.