फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचंय? आधी लॉगबुकातले इन्स्ट्रुमेंटचे तास तपासा

अमेरिकेत पायलटचं शिक्षण घेणारी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची मुलं-मुली आणि त्यांचे पालक आमच्या ग्राउंड क्लासला आले की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, कमर्शियल लायसन्स झालं की लगेच इन्स्ट्रक्टर होता येतं ना? मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा खर्च कशाला?" इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवरून उडण्याची परवानगी. त्या प्रश्नाचं उत्तर या पत्रकात एकदाच नीट लिहून देतोय. इथले नियम अमेरिकेच्या एफएएचे (तिकडच्या विमान वाहतूक नियामकाचे), पार्ट 61 या त्यांच्या नियमावलीप्रमाणे शिकणाऱ्यांसाठीचे आहेत. पार्ट 141 च्या शाळेत मंजूर अभ्यासक्रमाप्रमाणे चालावं लागतं. आणि भारतातलं इन्स्ट्रक्टर रेटिंग डीजीसीएचं (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाचं), स्वतंत्र असतं. त्याची चौकशी वेगळी करावी.

विमानावर सीएफआय (फ्लाइट इन्स्ट्रक्टर) व्हायचं तर कमर्शियल किंवा एटीपी (एअरलाइन पायलटच्या) लायसन्सवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग असावंच लागतं. त्याला पळवाट नाही. बाकीच्या अटी बहुतेकांना माहीत असतात: वय 18 पूर्ण, त्या वर्गाच्या विमानावर पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून निदान 15 तास, दोन लेखी परीक्षा आणि स्पिनचं एन्डॉर्समेंट, म्हणजे गरगरत कोसळणारं विमान सावरायचं शिकल्याची इन्स्ट्रक्टरची लेखी नोंद. यात सहसा कोणी अडकत नाही.

रेटिंग का मागतात, हेही पालकांना सांगायला हवं. प्रायव्हेट लायसन्सच्या विद्यार्थ्याला 3 तास फक्त यंत्रांकडं बघून विमान सांभाळायला शिकवावं लागतं आणि ते शिकवणारा सीएफआयच असतो. ढगात शिरलं की क्षितिज दिसत नाही. कानातला तोल सांगतो एक आणि विमान वळत असतं भलतीकडंच. पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात धुकं उतरलं तर गाडी निदान कडेला घेता येते. ढगातलं विमान कुठं थांबवणार? विद्यार्थी गोंधळला तर शेजारी बसलेल्याचे हात आणि नजर पक्की हवी.

आता खरा घोळ. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी एकूण 40 तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो. त्यातले निदान 15 तास इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा अधिकार असलेल्या इन्स्ट्रक्टरकडून, म्हणजे डबल-आयकडून घ्यावे लागतात. उरलेले तास डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावलेली झापड) आणि शेजारी मित्र सेफ्टी पायलट (बाहेर नजर ठेवणारा) म्हणून, असे केले तरी चालतात. पैसे वाचतात म्हणून सगळे तेच करतात, आणि त्यात चूकही काही नाही. पण सिंगल इंजिन कमर्शियलसाठी 10 तास इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षण म्हणजे शिकवणारा हवा, आणि इथंही डबल-आयच हवा. मित्राबरोबरचे तास 40 च्या बेरजेत बसतात, या 10 मध्ये एक मिनिटही बसत नाही. शिवाय त्यातले 5 तास सिंगल इंजिन विमानातच व्हावे लागतात.

रेटिंगच्या वेळी घेतलेलं प्रशिक्षण या 10 तासांत धरता येतं. मात्र त्यात चार गोष्टी शिकवल्याचं लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) दिसलं पाहिजे: यंत्रांवरून विमानाचा तोल सांभाळणं, पार्शल पॅनेल (काही यंत्रं बंद पडल्यासारखं धरून उडणं), अनयुजुअल ॲटिट्यूडमधून (विमान वेडंवाकडं झुकलेलं असताना) सावरणं, आणि नेव्हिगेशनचा मार्ग पकडून धरून ठेवणं. आमच्याकडं येणाऱ्या वह्यांत बहुधा असं असतं:

"लोकल, आयएफआर प्रॅक्टिस, 1.6"

आयएफआर म्हणजे यंत्रांवरून उडण्याचे नियम आणि 1.6 म्हणजे तास; पण काय शिकवलं, ते यातून काहीच कळत नाही. असं हवं (ड्युअल म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरचा वेळ, व्हीओआर म्हणजे मार्ग दाखवणारं रेडिओ केंद्र, आयएलएस म्हणजे धावपट्टीकडं उतरायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा, ॲप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडं येणं):

"ड्युअल 1.6, हूड 1.3. ॲटिट्यूड इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, पार्शल पॅनेल (ॲटिट्यूड व हेडिंग इंडिकेटर झाकून), अनयुजुअल ॲटिट्यूड रिकव्हरी, व्हीओआर इंटरसेप्ट व ट्रॅकिंग, आयएलएस ॲप्रोच", पुढं विमानतळाचं नाव, इन्स्ट्रक्टरची सही आणि त्याचा सर्टिफिकेट नंबर. सेफ्टी पायलट घेऊन उड्डाण केलं असेल तर त्याचं नाव.

हे त्याच दिवशी, विमानातून उतरल्यावर लिहून घ्या. तिकडं इन्स्ट्रक्टर स्वतः तास जमवत असतात आणि तास भरले की एअरलाइनला जातात. मग सहीसाठी त्यांना शोधत बसावं लागतं. ते सापडले नाहीत तर उडालेलेच तास पुन्हा पैसे मोजून उडायचे आणि चेकराइडची (उड्डाणाच्या परीक्षेची) तारीख पुढं ढकलायची. उसाचं बिल आल्यावर फी भरणाऱ्या घराला हा फटका सोसत नाही, म्हणून इतकं खोलात सांगतोय.

"लॉगबुक तपासणीची फी वेगळी का?" असंही विचारलं जातं. आम्ही बेरजा बघत नाही, प्रत्येक ओळ वाचतो. कुठली ओळ कशात धरता येते, कुठं शेरा अपुरा आहे, कुणाची सही राहिली, हे लिहून देतो. त्याला वेळ लागतो. विद्यार्थी अमेरिकेत असतानाच तपासणी झाली तर दुरुस्ती त्याच इन्स्ट्रक्टरकडून होते, म्हणून निम्मं शिक्षण झाल्यावर पानांचे फोटो पाठवा असा आमचा आग्रह असतो. ते ऑनलाइन बघून सांगतो.

आमच्या वर्गातल्या सिम्युलेटरबद्दलही स्पष्ट सांगतो. तो एफएए-मान्य नाही. त्यावरचे तास लॉगबुकात लिहू नका. तो आहे यंत्रांवर नजर फिरवण्याची सवय लागण्यासाठी, होल्डिंगमध्ये (आकाशात ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबण्यात) कसं शिरायचं ते डोक्यात बसण्यासाठी. इथं ते पक्कं करून गेलेल्या मुलांना तिकडं विमानाचं भाडं देऊन तेच पुन्हा गिरवावं लागत नाही.

रेटिंग मिळाल्यावर ते संपत नाही, पण मागच्या 6 कॅलेंडर महिन्यांत 6 ॲप्रोच, होल्डिंग आणि ट्रॅकिंग झालेलं नसेल तर आयएफआरमध्ये पायलट-इन-कमांड म्हणून जाता येत नाही. सुट्टीत गावाकडं आलेल्यांनी परत जाण्याआधी याचा हिशेब करावा.

तपासणीला येताना मूळ लॉगबुक आणा, झेरॉक्स नको; पेन्सिलीच्या नोंदी आणि खोडाखोड झेरॉक्सवर दिसत नाही. येण्याआधी फोन करा. उड्डाणाची वही पालकांनी एकट्यानं आणू नये, ज्याची वही तो विद्यार्थी सोबत किंवा फोनवर असावा.