डिझेल बाहेर गळतंय की हवा आत शिरतेय?

सकाळी ट्रक लांब सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. सुरू झाला तरी अर्ध्या मिनिटात बंद पडतो. हँड प्रायमर (लाईनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) दाबून एअर काढली की दिवसभर बरा चालतो, फक्त चढाला ओढत नाही. अशा वेळी कोणीतरी गाडीखाली टॉर्च मारतो, लाईन कोरडी दिसते आणि निदान ठरतं: ‘लीक कुठेच नाही, म्हणजे इंजेक्शन पंप गेला.’ पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, परत बसतो आणि दुसऱ्या सकाळी तीच रड. महागडा पंप विनाकारण उघडला जातो तो दोन उलट दिशेचे बिघाड एकाच नजरेने शोधले जातात म्हणून. एका गळतीत डिझेल बाहेर येतं, दुसरीत हवा आत जाते. दुसरी बहुतेक वेळा कोरडीच असते.

पहिली सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो तो फीड पंप. त्याच्या पुढची लाईन दाबाखाली असते. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत हा दाब साधारण १ ते २ बार असतो, कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या) गिअर पंपापुढे त्याहून बराच जास्त. इथे वॉशर बसला नाही किंवा पाइप घासून भोक पडलं, की इंजिन चालू असताना डिझेल ठिबकतं, वास येतो, धूळ चिकटून काळा डाग पडतो. शोधताना आधी सगळं धुऊन कोरडं करा, संशयित जोडांवर टाल्कम पावडर मारा, इंजिन चालवा आणि सर्वांत वरचा ओला ठिपका धरा. वाऱ्याने डिझेल मागे आणि खाली पसरतं, त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. बाहेर काहीच दिसत नाही, तरी डिझेल कमी होतंय आणि इंजिन ऑइलची पातळी वाढतेय, तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा शाफ्ट सील तपासा. तसं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात.

आता दुसरी. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा सगळा भाग, म्हणजे टाकीतला पिकअप पाइप, जाळी, होज, वॉटर सेपरेटर, प्रायमर आणि बहुतेक ट्रकमध्ये प्रायमरी फिल्टर, हा सक्शनवर चालतो. इंजिन चालू असताना त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. स्ट्रॉला बारीक भोक असलं की तोंडात रस कमी आणि हवा जास्त येते, पण त्या भोकातून रस बाहेर सांडत नाही. इथेही तसंच. त्यात भर म्हणजे डिझेल हवेपेक्षा सुमारे शंभरपट किंवा त्याहून जास्त घट्ट आहे. केसाएवढ्या ज्या फटीतून हवा सहज शिरते, तिच्यातून डिझेल पाझरायला तयार नसतं. गाडी बंद असतानाही ती फट कोरडी राहू शकते. म्हणून सक्शनच्या बाजूला ‘कोरडं आहे’ याचा अर्थ काहीच होत नाही. तो पुरावा फक्त प्रेशरच्या बाजूला चालतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र पुढच्या गोष्टीने होतो. एकच फट दोन्ही रूपं दाखवू शकते आणि कोणतं दाखवेल हे टाकीतल्या डिझेलच्या पातळीवर ठरतं. टाकी भरलेली असेल आणि डिझेलची पातळी त्या जोडापेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर जोडावर आतून जेमतेम ०.०४ बार दाब येतो. फट थोडी मोठी असेल तर तेवढ्यावर गाडी उभी असताना जोड ओला होतो आणि सकाळी गाडी पटकन सुरू होते. टाकी पाव भागावर आली की पातळी जोडाच्या खाली जाते. आता रात्रभर हवा आत शिरते, लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी लाईन रिकामी. ड्रायव्हर सांगतो, ‘टाकी फुल असली की त्रास नाही, कमी झाली की सुरू होत नाही.’ त्यावर ‘खालचं डिझेल घाण असणार’ म्हणून टाकी धुतली जाते. घाण असेलही, पण पातळीनुसार बदलणारी तक्रार ऐकली की आधी सक्शनच्या जोडांकडे आणि पिकअप पाइपकडे बघायला हवं. पिकअप पाइपला वरच्या भागात तडा असेल तर तो बुडालेला असेपर्यंत काहीच कळत नाही. डिझेल तड्याच्या खाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो, तेही चालत्या गाडीत. चढावर उभी केलेली गाडी सुरू होत नाही आणि सपाटीवर होते, ही तक्रारही याच जातीची.

एक अपवाद लक्षात ठेवा. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर तिथपासून पुढची लाईन दाबाखाली असते आणि वरचा हिशोब लागू होत नाही. काम सुरू करण्याआधी पंप कुठे आहे ते बघणं म्हणूनच पहिली पायरी.

हवा शिरणं आणि फिल्टर चोक होणं यांचीही सरमिसळ होते, कारण दोन्हीत लोडवर ताकद जाते. हे दोन वेगळे करायला व्हॅक्यूम गेज लागतो, अंदाज चालत नाही. फीड पंपाच्या इनलेटला टी लावून गेज जोडा आणि इंजिन जास्त आरपीएमवर न्या. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ढोबळ मानाने काटा १० इंच पाऱ्याच्या वर गेला तर अडथळा आहे: जाळी, फिल्टर, आतून फुगलेला होज किंवा टाकीचा बंद झालेला व्हेंट (टाकीत हवा येऊ देणारं भोक). व्हेंटची शंका असेल तर टाकीचं झाकण सैल करून परत बघा, काटा उतरला तर व्हेंटच दोषी. उलट काटा कमी आहे किंवा थरथरतोय आणि ताकद नाही, तर हवा शिरतेय.

या दोघांत एक सापळा आहे. डिझेलमध्ये थोडी हवा नेहमी विरघळलेली असते. व्हॅक्यूम खूप वाढला की ती बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते, मग लाईन पूर्ण घट्ट असली तरी पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. शिवाय चोक झालेला फिल्टर वाढलेल्या सक्शनमुळे एरवी धरून बसणाऱ्या जुन्या सीलमधूनही हवा ओढून घेतो. म्हणून गेजवर आकडा जास्त असताना बुडबुड्यांमागे लागू नका. आधी जाळी आणि फिल्टर, मग पुन्हा बुडबुडे.

आता शोधायची पद्धत. फीड पंपाच्या इनलेटला हातभर लांबीची पारदर्शक नळी टाका, गाडी सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. जोडताना आत गेलेली हवा तेवढ्यात निघून जाते. त्यानंतरही बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा मागून येतेय. मग नळी वॉटर सेपरेटरच्या इनलेटला हलवा. तिथे डिझेल स्वच्छ दिसलं तर दोष सेपरेटर, प्रायमर किंवा फिल्टर हेडमध्ये आहे. तिथेही बुडबुडे असले तर टाकीकडे सरकायचं. याच कामाचा दुसरा मार्ग म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन आणि नवा होज. पंपाला थेट कॅनमधून डिझेल द्या. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष आहे, बिघाड मूळ लाईनमध्ये आहे. ही अर्ध्या तासाची चाचणी केल्याशिवाय पंप उतरवू नये, याबाबत तडजोड नको. चाचणीची पीव्हीसी नळी मात्र काम झाल्यावर काढा. डिझेलमध्ये ती कडक होते आणि पुढच्या गळतीचं कारण बनते.

नेमका जोड सापडत नसेल तर सक्शनची लाईन तेवढ्यापुरती प्रेशरची करून टाका. टाकीच्या बाजूने लाईन सोडवा, पंपाचं टोक बंद करा, रेग्युलेटर लावून ०.२ ते ०.३ बार हवा द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. फेस येईल तिथे फट. कॉम्प्रेसरचा पाइप थेट टाकीत खुपसणाऱ्यांना थांबवा. टाकी दाबासाठी बनवलेली नसते, ती फुगते, शिवण उघडते. पेट्रोलच्या गाडीवर तर हा प्रयोग करूच नये.

हवा शिरण्याच्या नेहमीच्या जागा: वॉटर सेपरेटरच्या तळाचा ड्रेन कॉक, त्यातल्या पाण्याच्या सेन्सरची ओ-रिंग, पूर्ण आवळून न बसवलेला प्रायमर, फिल्टर बदलताना जुनी राहून गेलेली रिंग ज्यावर नवी रिंग बसवली जाते, आणि चासीच्या क्रॉस मेंबरवर घासणारा होज. ड्रेन कॉक तर सगळ्यात दुर्लक्षित. पाणी काढून हाताने अर्धवट फिरवून सोडला की दिवसभर हवा पितो आणि एक थेंबही बाहेर टाकत नाही. प्रायमर हेडमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (डिझेल मागे जाऊ न देणारा) तपासा. तो धरत नसेल तर अगदी बारीक फटीवरही रात्रीत सगळं डिझेल मागे उतरतं.

दुरुस्तीतही दोन बाजूंचे नियम वेगळे आहेत. प्रेशरवर टिकणारा साधा होज सक्शनवर आतून चिमटू शकतो, विशेषतः वळणावर आणि गरम भागाजवळ. तिथे आतून मजबुती असलेला, डिझेलसाठीच बनवलेला होज घ्या. पाण्याचा किंवा हवेचा होज काही आठवड्यांत आतून सोलतो आणि त्याचा पापुद्रा व्हॉल्व्हसारखा उघडझाप करत बसतो. क्लिप होजच्या टोकापासून थोडी आत, निपलच्या कंगोऱ्यामागे बसली पाहिजे. तारेचे वेढे घालू नका, तार एकाच रेषेत चिरते आणि गोल दाब देत नाही. क्लिप जास्त आवळूनही तेच होतं, रबर कापलं जातं. बँजो बोल्टला (ज्याच्या पोकळ पोटातून डिझेल जातं तो बोल्ट) प्रत्येक वेळी नवे कॉपर वॉशर. अगदी अडलं तर जुना वॉशर लाल तापवून थंड केला की मऊ होतो आणि चालतो, पण रबराची कड असलेला वॉशर दुसऱ्यांदा वापरायचा नाही. वॉशर बसतो त्या पृष्ठभागावर आडवा ओरखडा असेल तर कितीही आवळा, गळणारच.

टेफ्लॉन टेपला इंधनाच्या जोडांवर जागा नाही. बँजो किंवा फ्लेअर (पाइपचं टोक पसरवून केलेल्या) जोडात सील धातूच्या पृष्ठभागावर होतं, आट्यांवर होत नाही, त्यामुळे टेपने गळती थांबत नाही. तिचे तुकडे मात्र पंपाच्या व्हॉल्व्हपर्यंत जातात. साबणाची वडी घासणं किंवा पुटी थापणं एवढ्याचा उपयोग घरी पोचण्यापुरता. सक्शनच्या फटीवर तर पुटीचे कण आत ओढले जातात.

हाय प्रेशर पंपापुढच्या पाइपांबाबत दुरुस्ती हा पर्यायच नाही. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनावर १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तातडीने शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला लावून फिरवा. इंजिन बंद केल्यावर निदान १० मिनिटं थांबल्याशिवाय नटाला पाना लावू नका. हा पाइप वेल्ड करायचा नाही, वाकवून बसवायचा नाही, बदलायचा. फवारा गरम टर्बोवर पडला तर आग लागते, तेव्हा अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

एअर काढताना नवा फिल्टर बाहेरच डिझेलने भरून बसवण्याची सवय सोडा. मधल्या भोकातून ओतलेलं न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबा, स्क्रू बंद करा आणि प्रायमर कडक होईपर्यंत दाबत राहा. प्रायमर कडक होतच नसेल तर हवा अजून शिरतेय. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. कॉमन रेलवर इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढायची नाही, जुन्या इनलाइन पंपावर ती पद्धत ठीक आहे. हवा घेत चालवलेल्या कॉमन रेलमध्ये हाय प्रेशर पंपाला वंगण देणारं डिझेलच कमी पडतं. पंप झिजतो आणि धातूचा भुगा इंजेक्टरपर्यंत पोचतो.

काम झाल्यावर टाकी फुल करून गाडी हातात देऊ नका, भरलेली टाकी बारीक फट लपवते. टाकी पाव भागावर असताना गाडी रात्रभर उभी ठेवा, शक्यतो पुढचं तोंड चढाकडे करून. सकाळी प्रायमरला हात न लावता पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि पाच मिनिटं न अडखळता चालली, तर लाईन घट्ट आहे.