पांढऱ्या पेशी गाळायच्या, पण कधी?

उल्हासनगरात थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, फारसा समजावून सांगावा लागत नाही. इथे मोठ्या संख्येने असलेल्या सिंधी समाजात या आजाराचं जनुक जास्त आढळतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्तगट जुळलेला, सगळ्या तपासण्या चोख, तरी बाटली अर्धी होते न होते तोच पोराला हुडहुडी भरते, ताप चढतो.

यामागे बहुधा दात्याच्या पांढऱ्या पेशी असतात. एका पिशवीत त्या अब्जांच्या घरात निघतात. रुग्णाला हव्यात तांबड्या; पांढऱ्यांचा त्याला काडीचा उपयोग नाही. उलट त्यांच्यावरच्या एचएलए प्रथिनांविरुद्ध (पेशी आपली की परकी हे यांवरून ओळखलं जातं) त्याचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. दुबळ्या रुग्णाला त्रासदायक ठरणारा सायटोमेगॅलो विषाणूही याच पेशींत दडून येतो.

उपाय म्हणजे फिल्टर: प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचे थरावर थर. पिशवी वर टांगली की रक्त आपसूक खाली उतरतं. तांबडी पेशी लवचीक, अंग चोरून निसटते. पांढरी अडकते, शिवाय तंतूंना चिकटूनही बसते. अमेरिकेच्या निकषानुसार पिशवीत पन्नास लाखांहून कमी पांढऱ्या पेशी उरायला हव्यात, युरोपात दहा लाखांहून कमी.

खरी मेख वेळेत आहे. 2 ते 6 अंशांवर तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, पांढऱ्या मात्र काही दिवसांतच फुटू लागतात. त्यांच्यातून ताप आणणारे सायटोकाइन नावाचे रेणू रक्तात उतरतात. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांवर ठेवतात, तिथे तर हा प्रकार जास्तच. हे रेणू फिल्टरला फारसे जुमानत नाहीत. म्हणून रक्त चढवताना खाटेशेजारी फिल्टर लावणं म्हणजे बरंचसं वरातीमागून घोडं. गाळायचं ते रक्तपेढीत, साठवण्याआधी.

ब्रिटनने 1999 मध्ये सगळंच रक्त गाळायला घेतलं, तेही मुख्यतः व्हेरियंट सीजेडी या ‘मॅड काऊ’शी जोडलेल्या, मेंदूच्या जीवघेण्या आजाराच्या धास्तीने. आपल्याकडे तशी सरसकट सक्ती नाही आणि फिल्टरची पिशवी महाग पडते. पण ज्यांना जन्मभर रक्त घ्यायचंय, त्यांच्या बाबतीत ही काटकसर मला पटत नाही.

एक काम मात्र फिल्टरच्या आवाक्याबाहेरचं. उरलेल्या थोड्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णावरच उलटू शकतात. क्वचित घडतं, पण बहुतेकदा जिवावर बेततं. त्यासाठी रक्ताला गॅमा किरणांची साधारण 25 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा देतात. असे किरण देणारी यंत्रं, म्हणजे ब्लड इरॅडिएटर, पुरवणारी अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था वाशीतच आहे. किरण दिल्यावर तांबड्या पेशींतून पोटॅशियम अधिक झिरपतं, म्हणून गाळणं आधी उरकतात आणि किरण शक्यतो चढवण्याच्या सुमारास देतात.