बोअर बोकड नेताय? मग कळपाची वाटणी आधी ठरवा

आमच्याकडून बोअर बोकड नेणारे बरेच जण सहा महिन्यांनी फोन करतात, करडं एक नंबर झालीत, आता यातल्याच पाठी (मादी करडं) पैदाशीला ठेवू का? म्हणून हा कागद बोकडासोबतच देतोय, घरी नेऊन नीट वाचा.

उस्मानाबादी शेळी आपल्या मराठवाड्याची, काटक, जुळी देणारी, आपल्या उन्हात आणि चाऱ्यावर टिकणारी. बोअर दक्षिण आफ्रिकेचा, अंगानं भरदार. दोघांच्या पहिल्या पिढीच्या करडात जोम सगळ्यात जास्त असतो. पण ती पहिल्या पिढीची नर-मादी आपसात लावली की तो जोम निम्म्यावर येतो, हायब्रीड बाजरीचं घरचं बी पेरल्यावर होतं ना, अगदी तसंच. आम्ही स्वतः सुरवातीला देखणा म्हणून संकरित बोकड पैदाशीला ठेवला होता आणि पुढं एका वेतातली दोन करडं एकसारखी येईनात, त्यात दोन वर्षं गेली.

म्हणून आमचं सांगणं, आई कायम उस्मानाबादीच ठेवा आणि बोअरची करडं, नर असो की पाठ, सगळी विक्रीला काढा. मग कळपात नवीन पाठी कुठून आणायच्या? समजा 40 शेळ्या आहेत, तर 25 बोअरला लावा आणि 15 चांगल्या दुधाच्या, जुळी देणाऱ्या निवडून उस्मानाबादी बोकडाला. त्या 15 मधून वर्षाला 8 पाठी हाताशी आल्या तरी म्हाताऱ्या शेळ्या बदलायला पुरतात. यात अजून एक फायदा आहे, बोअरच्या पाठी कळपात राहतच नाहीत त्यामुळं बाप-लेकीचा संकर व्हायचा प्रश्न येत नाही आणि तोच बोकड जास्त वर्षं चालतो. उस्मानाबादी बोकड मात्र दीड-दोन वर्षांनी बदलायचाच.

पहिलटकरणीला बोअर लावू नका. करडू मोठं असलं की डोकं अडकतं, रात्री डॉक्टर मिळत नाही आणि शेळी-करडू दोन्ही जातात. पहिलं वेत उस्मानाबादीचंच होऊ द्या.

दोन्ही बोकड एका गोठ्यात सोडले तर कुणाचं करडू कुणाचं ते कळणारच नाही, म्हणून गट वेगळे ठेवा. बोकडाच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, ज्या शेळीच्या पुठ्ठ्यावर लाल डाग दिसेल तिचा बिल्ला नंबर आणि तारीख वहीत लिहा, तिथून विण्याला साधारण 150 दिवस धरा. 21 दिवसांच्या आसपास परत डाग दिसला तर ती उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, नवीन तारीख टाका.

आणि विकताना नजरेनं सौदा करू नका हो, काट्यावर चढवा! वजनासाठीच तर बोअर नेलाय.

उस्मानाबादी बोकड बदलायला याल तेव्हा वही सोबत आणा, कळपात कुणाच्या पाठी आहेत ते बघूनच दुसऱ्या रक्ताचा बोकड देतो.