साइज प्रोटेस्ट : अमेरिकी सरकारी कंत्राटांतील लघुउद्योग-पात्रतेला आव्हान

अमेरिकेच्या संघीय सरकारचे एखादे कंत्राट लघुउद्योगांसाठी राखीव असताना, ज्या कंपनीची निवड झाली आहे ती लघुउद्योगाच्या व्याख्येत बसतच नाही, असा औपचारिक आक्षेप घेण्याच्या कार्यपद्धतीस साइज प्रोटेस्ट म्हणतात. निविदाप्रक्रियेतील इतर दोषांबद्दलच्या तक्रारी गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेकडे नेता येतात; आकाराचा प्रश्न मात्र ते कार्यालय हाती घेत नाही. तो ठरविण्याचा अधिकार १९५३ साली स्थापन झालेल्या स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या लघुउद्योगविषयक सरकारी संस्थेचा, म्हणजेच एसबीएचा आहे.

संघीय सरकारच्या थेट कंत्राटांच्या एकूण रकमेपैकी किमान २३ टक्के रक्कम लघुउद्योगांना मिळावी, असे कायद्याने ठरविलेले उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी अनेक निविदा केवळ लघुउद्योगांपुरत्या ठेवल्या जातात. कंत्राट अधिकारी प्रत्येक निविदेला एक उद्योग-वर्गीकरण क्रमांक देतो व त्या क्रमांकासोबत आकाराची मर्यादा येते. वस्तुनिर्माणात ती बहुधा कर्मचारीसंख्येवर, तर सेवाक्षेत्रात आणि बांधकामात बहुधा सरासरी वार्षिक उत्पन्नावर ठरते. २०१८ च्या कायद्याने ही सरासरी तीनऐवजी पाच वर्षांची केली, जेणेकरून एका भरभराटीच्या वर्षामुळे वाढत्या कंपनीची पात्रता एकदम जाऊ नये. आपण या मर्यादेत आहोत, हे कंपनी स्वतःच प्रमाणित करते आणि कंत्राट अधिकारी सहसा त्यावर विसंबतो. त्यामुळे खोटे किंवा चुकीचे प्रमाणन पकडण्याची जबाबदारी व्यवहारात मुख्यतः हरलेल्या स्पर्धकावर येऊन पडते. साइज प्रोटेस्टचे खरे महत्त्व यातच आहे.

कागदावरील आकडा मर्यादेबाहेर गेला आहे, एवढाच वाद क्वचित असतो. बहुतेक प्रकरणे संलग्नतेच्या प्रश्नावर लढविली जातात. एका कंपनीचे दुसरीवर नियंत्रण असेल, किंवा दोघींवर तिसऱ्याचे नियंत्रण असेल, तर त्या सर्वांचे उत्पन्न आणि कर्मचारी एकत्र मोजले जातात. हे नियंत्रण प्रत्यक्ष वापरले गेले पाहिजे असे नाही. ते वापरण्याची सत्ता असणे पुरेसे ठरते. म्हणूनच अल्प भागधारक असूनही कंपनीचे दैनंदिन निर्णय अडवून धरू शकणारा गुंतवणूकदार संलग्न ठरू शकतो. सामाईक संचालक, जवळच्या नातलगांचे गुंतलेले व्यवसाय, किंवा मागील तीन वर्षांच्या उत्पन्नापैकी ७० टक्के वा अधिक भाग एकाच कंपनीकडून येणे, या बाबीही तपासल्या जातात. सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार नाममात्र उपकंत्राटदाराचा होय. यात लहान कंपनी पुढे उभी राहते, पण कामाचा गाभा मोठी कंपनी उपकंत्राटदार म्हणून सांभाळते. ती मोठी कंपनी हेच काम आधीपासून करीत होती काय, नव्या कंत्राटावरील बहुसंख्य माणसे आणि व्यवस्थापक तिच्याकडूनच येणार आहेत काय, आणि लहान कंपनीपाशी त्या कामाचा स्वतःचा अनुभव आहे काय, हे प्रश्न येथे महत्त्वाचे ठरतात.

आक्षेप कंत्राट अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो आणि तो एसबीएच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवितो. मोहोरबंद निविदांत बोली उघडल्यापासून, तर वाटाघाटींच्या कंत्राटांत निवडलेल्या कंपनीचे नाव कळविल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत स्पर्धकाने तो दाखल केला पाहिजे. कंत्राट अधिकारी आणि एसबीए यांना ही मुदत लागू नाही. आक्षेपात ठोस तथ्ये लागतात. ‘ही कंपनी मोठी आहे’ एवढे विधान फेटाळले जाते. प्रतिस्पर्ध्याचे भागभांडवल आणि करारमदार बहुधा खासगी असतात, हे लक्षात घेता पाच दिवसांत तथ्ये गोळा करण्याची अट, वकील परवडू न शकणाऱ्या प्रामाणिक लघुउद्योजकाला जाचक होते, असे म्हणावे लागेल. मात्र आक्षेप एकदा स्वीकारला गेला की पारडे बदलते. आपण लहान आहोत हे पटवून देण्याचा भार आक्षेपित कंपनीवर येतो, आणि मागितलेली कागदपत्रे तिने दिली नाहीत, तर ती तिच्याविरुद्ध गेली असती असे अनुमान काढता येते. आकार ठरविण्याची तारीख सर्वसाधारणपणे किमतीसह पहिली बोली सादर केल्याची धरतात. निकालाच्या दिवशी कंपनी किती मोठी आहे, याला महत्त्व नसते.

क्षेत्रीय कार्यालयाने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. त्याविरुद्ध १५ दिवसांत एसबीएच्याच ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्सकडे दाद मागता येते. तेथे तथ्यांची किंवा कायद्याची उघड चूक दाखवून द्यावी लागते. अपात्र ठरलेली कंपनी, एसबीएकडून पुन्हा प्रमाणित होईपर्यंत, त्याच किंवा त्याहून कमी मर्यादेखाली स्वतःला लघुउद्योग म्हणवू शकत नाही. जाणूनबुजून खोटे प्रमाणन केल्यास ५ लाख डॉलरपर्यंत दंड आणि १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शिवाय २०१० च्या लघुउद्योग रोजगार कायद्याने, अशा फसवणुकीत सरकारचे नुकसान कंत्राटाच्या संपूर्ण रकमेइतके झाले असे गृहीत धरले आहे. काम चोख केले हा बचाव त्यामुळे बराच दुबळा झाला.

महिलांच्या, अपंग माजी सैनिकांच्या किंवा मागास भागांतील उद्योगांच्या राखीव कंत्राटांत आकाराखेरीज त्या-त्या दर्जालाही स्वतंत्रपणे आव्हान देता येते. सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित उद्योजकांसाठीच्या ८(अ) कार्यक्रमात मात्र स्पर्धात्मक कंत्राटातील विजेत्याच्या आकारावरच प्रतिस्पर्ध्याला आक्षेप घेता येतो. त्याच्या कार्यक्रमातील पात्रतेवर नाही.