ध्येय कोणतं आणि नाद कोणता?

कोल्हापुरात ‘नाद’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. कुणाला फुटबॉलचा नाद, कुणाला तालमीचा, कुणाला कबुतरांचा. पुस्तकात ज्याला छंद म्हणतात त्याला आमच्याकडे नाद म्हणतात आणि मला हाच शब्द जास्त खरा वाटतो. छंद फावल्या वेळात बसतो, नाद वेळ काढायला लावतो. ध्येय ही याहून वेगळी गोष्ट. पण दोन्हींसाठी सराव लागतो, पैसे लागतात, घरच्यांची समजूत काढावी लागते, म्हणून वरून बघताना ती एकच वाटतात. मग एकाचे नियम आपण दुसऱ्याला लावतो आणि चांगली चाललेली गोष्ट बंद पडते. माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, अशीच बंद पडली होती.

२०१८च्या पाडव्याला मी वहीत दोन ओळी लिहिल्या. पन्नाशीच्या आत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं. पेटी शिकायची. एकाखाली एक, एकाच पेनाने, जणू दोन्ही एकाच जातीची कामं.

पहिली ओळ अस्सल ध्येय होती. बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती जुलै १६६० मध्ये, म्हणून दरवर्षी आषाढाच्या सुमारास, ऐन पावसात, लोक ही वाट दोन दिवसांत चालतात. मसाईचं पठार, करपेवाडीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरपाणी आणि मग खिंड. अंतर ठरलेलं, दिवस ठरलेले. त्यामुळे तयारी उलटी मोजता येते. जुलैत चालायचं तर जूनमध्ये ओल्या बुटांची सवय हवी, एप्रिलपासून दर रविवारी पायथ्यापासून पन्हाळा चढायला हवा आणि जानेवारीपासून रंकाळा तलावाची फेरी चुकवून चालणार नाही. २०२० साल धरलं होतं, लॉकडाऊन लागला. २०२१ मध्ये कोरोना होताच, वर जुलैत पंचगंगेचा पूर. २०२२ मध्ये चालले. मसाईच्या पठारावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या माणसाची पाठपिशवी तेवढी दिसत होती, आणि पायातला चिखल प्रत्येक पावलाला बूट ओढून घेत होता. खिंडीत उतरले तेव्हा पाण्यात उभी राहून रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

परत आल्यावर महिनाभरात रंकाळ्याच्या फेऱ्या थांबल्या. मला फार अपराधी वाटलं, आपण टिकाऊ नाही असं वाटलं. आज तसं वाटत नाही. त्या फेऱ्या खिंडीसाठी होत्या, खिंड झाली. ध्येय पुरं झालं की त्याची तयारी गळून पडते, यात कुणाचं काही चुकत नाही.

पेटीची गोष्ट निराळी. देवल क्लब ही कोल्हापुरातली १८८३ पासूनची संगीताची संस्था. तिथे एका मैफलीत गायिकेच्या मागे पेटीवाला स्वर कसे अलगद भरत होता ते पाहिलं आणि ते डोक्यातून जाईना. वयाच्या पंचेचाळिशीत पेठेतल्या एका सरांकडे जाऊ लागले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की कॉटखालून पेटी ओढायची, एका हाताने भाता, दुसऱ्याने अलंकार. पहिले दोन महिने भाता आणि बोटं यांचं जमेना. हवा संपली की स्वर मधेच मान टाकायचा. मग भूप राग आला. सा रे ग प ध, पाचच स्वर, पण गंधारावर, म्हणजे ग वर, थांबलं की खोलीतला उजेड बदलल्यासारखा वाटायचा. पहिल्याच पावसाळ्यात तो गंधार दमट हवेने फुगून अडकला. सरांनी वरची फळी काढली, आतली पितळी रीड दाखवली, पट्टीची कड हलकेच घासली आणि म्हणाले, “आता वाजवा.” त्या संध्याकाळी मी नऊ वाजेपर्यंत उठले नाही. नाद लागला होता.

आणि मग मी त्याला ध्येयाचे कपडे घातले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, पुढे मध्यमा, विशारद. मी तक्ता केला, अमुक साली विशारद. दोन परीक्षा चांगल्या गुणांनी दिल्या. पण बोटं आता अभ्यासक्रमातल्या रागांवरच जायची आणि भूप ‘झालेला’ म्हणून मागे पडला. २०२० च्या सुरुवातीला दुसरा निकाल लागला आणि पेटीवर खोळ चढली ती आठ महिने निघाली नाही. लॉकडाऊनमध्ये घरात वेळच वेळ होता, तरी नाही. एक दिवस शेजारचा पोरगा गॅलरीतून म्हणाला, “काकू, पेटी ऐकू येईना झालीया. नाद सुटला व्हय?”

“परीक्षा झाली रे.”

“परीक्षेसाठी वाजवत हुता व्हय? मला वाटलं आवड हाय.”

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे वाचनात एक प्रयोग आला आणि माझंच कोडं उलगडलं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात कागद-पेन नुसते ठेवून दिले. प्रशस्तिपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे बक्षीस वाईट नव्हतं, ‘यासाठी हे’ अशी बोली वाईट ठरली. परीक्षा देऊन आवड वाढलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण त्यांचा राग तक्त्यात संपत नाही.

म्हणून ध्येय कमी आणि नाद थोर, असं मी मुळीच म्हणणार नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, चार वर्षांनी हेलसिंकीत वरच्या वजनगटात उतरून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तारीख, वजन, प्रतिस्पर्धी, सगळं समोर ठेवल्याशिवाय असं होत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरली ती २०२१ साली टोकियोत, चाळिशीत. ही मधली अकरा वर्षं नुसत्या ध्येयाच्या बळावर निघत नाहीत, आत नाद असावाच लागतो, असं मला मनापासून वाटतं. बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगवणारे. चलच्चित्रांच्या नादाने त्यांनी इथे कोल्हापुरात कॅमेरा स्वतः घडवला, १९१८ मध्ये तो पुरा झाला आणि मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. नादातून ध्येय निघालेलं मी अनेकदा पाहिलंय. उलटं घडताना फार क्वचित.

आता माझ्या वहीला दोन बाजू आहेत. पुढून ध्येयं, प्रत्येकासमोर तारीख. मागून नाद, तिथे तारीख लिहायची नाही. ओळखायचं कसं, तर खंड पडला की. ध्येयात खंड पडला तर तारीख पुढे सरकते आणि मनात हिशेब चालू राहतो. नादात खंड पडला तर चुकल्यासारखं होतं, हात शिवशिवतात. नादाला एकच सोय लागते, रोजची ठरलेली जागा आणि वेळ. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फार बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला ते वाचून फार धीर आला.

गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं, “मावशी, गिटार घेतलीय. वर्षात किती येईल?” मी विचारलं, कॉलेजातून आलास की आधी काय हातात घेतोस? तो म्हणाला, “मोबाईल. मग गिटार. जेवायला हाक मारली तरी सुटत नाही.” मी त्याला म्हटलं, मग वर्षाचं आत्ता विचारू नकोस, गिटार तेवढी भिंतीला टांग, पिशवीत कोंबून ठेवू नकोस. माझी पेटी आता कॉटखाली नसते. खिडकीशी, उघडीच असते. पावसाळ्यात गंधार अजून अडकतो.